जखमी गिनी कोंबडी आणि दयेची कसोटी

परभणी शहर मागें टाकून जिंतूरच्या रस्त्याला लागलें कीं बैठीं घरें, घरामागें लहानसें अंगण, अंगणांत कडुलिंबाचें एखादें झाड आणि त्याखालीं माती उकरणाऱ्या पांच-सहा कोंबड्या, असा देखावा अद्यापि नजरेस पडतो. अशा एखाद्या अंगणांत गावठी कोंबड्यांच्या सोबतीला गिनी कोंबडीहि असते. करड्या पिसांवर पांढरे ठिपके, बोडकें डोकें, त्यावर शिंगासारखा उंचवटा आणि कानठळ्या बसविणारा आवाज, अशी ही पाहुणी मूळची आफ्रिकेची. उत्तर प्रदेशांत इज्जतनगर येथें केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिनें या पक्ष्याचे कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी असे तीन वाण तयार केले आहेत. अंड्यांसाठीं व मांसासाठीं ही कोंबडी पाळली जातेच; पण पुष्कळ गृहस्थांना तिचें खरें मोल वाटतें तें राखणीचें. परका माणूस, कुत्रें, मुंगूस किंवा साप दृष्टीस पडला कीं ती असा गलका करते कीं सारी आळी जागी व्हावी.

सर्वांना सावध करणाऱ्या या राखणदारिणीवरच एखादे दिवशीं घाला पडतो. असें एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. घरांत आजी, तिचा मुलगा, सून आणि नऊ-दहा वर्षांचा नातू. पावसाळा सरत आलेला. तिन्हीसांजेला परसांत एकच ओरडा होतो. मुलगा काठी घेऊन धांवतो तों मोकाट कुत्रें कुंपणांतून निसटून जातें, आणि मागें एक गिनी कोंबडी पंख पसरून चिखलांत पडलेली दिसते. डावा पंख लोंबतो आहे, मांडीवर दांतांच्या खुणा आहेत, पिसें रक्तानें चिकटलीं आहेत. मुलगा क्षणभर पाहतो आणि म्हणतो, “आई, हिचं कांहीं खरं नाहीं. आतांच मोकळी करतों बिचारीला.” आजी दारांतूनच उत्तर देते, “या घरांत हातानं जीव घ्यायचा नाहीं. देव न्यायची तेव्हां नेईल.” नातू कांहींच बोलत नाहीं, तो पाणी आणावयास जातो.

दोघांचेंहि बोलणें दयेचें आहे, आणि दोघांच्याहि बोलण्यांत दयेबरोबर आणखी कांहीं मिसळलेलें आहे. मुलाला तडफड पाहवत नाहीं; आजीला पापाचें भय वाटतें. एकाला स्वतःची नजर वांचवावयाची आहे, दुसरीला स्वतःचा परलोक. कोंबडीला काय सोसावें लागत आहे आणि त्यांतून तिची सुटका कशी होईल, हा प्रश्न अद्याप कोणींच विचारलेला नाहीं. तो प्रश्न कसा विचारावा आणि त्याचें उत्तर कसें ओळखावें, हाच आजच्या भाषणाचा विषय.

पहिली गोष्ट ही कीं, पहिल्या रात्रीं शेवटचा निर्णय करूं नये. पोट फाटून आंतडीं बाहेर आलीं असतील, पाठीचा कणा मोडून पक्षी नुसता आचके देत असेल, तर गोष्ट निराळी; तेथें विलंब हीच क्रूरता होय. परंतु एरव्हीं भेदरलेला पक्षी खऱ्या स्थितीहून अधिक मरणोन्मुख दिसतो. पुढें दोन दिवसांनीं याच्या उलटहि घडतें: दुखणें आंत वाढत असतां तो ठीक असल्याचें सोंग आणतो. रानांत जो दुबळा दिसेल तो शिकाऱ्याच्या तोंडीं जातो. म्हणून दुखणें लपविणें हा पक्षिजातीचा स्वभावच बनला आहे. प्रथमदर्शनीं भय फसवितें आणि नंतर आशा फसविते. मध्यें निरीक्षणाचे कांहीं दिवस घालावे लागतात ते यासाठींच.

आतां उपचाराचें पाहूं जातां प्रारंभ पकडण्यापासून होतो. गिनी कोंबडीचे पाय नाजूक असतात. पायाला धरून उचलली तर धडधाकट कोंबडीहि लंगडी होते. अंगावर हलकें धडपें टाकावें, दोन्ही पंख अंगाशीं मिटवावे आणि दोन्ही हातांनीं तिला उचलावें. छाती आंवळूं नये. पक्ष्याला आपल्यासारखें श्वासपटल नसतें. छातीचें हाड पुढें-मागें हालतें तेव्हांच त्याचा श्वास चालतो. घट्ट धरून ठेवलेला पक्षी जखमेनें नव्हे, तर धरणाऱ्याच्या मायेनें गुदमरून मरतो.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकें जखमेवर पांच मिनिटें सतत दाबून धरावें. मध्येंच उचलून पाहूं नये. रक्त थांबल्यावर लिटरभर पाण्यांत दीड लहान चमचा मीठ घालून तें उकळावें आणि निवल्यावर त्यानें जखम धुवावी. रॉकेल, चुना, तंबाखूची पूड, राख असल्या वस्तु जखमेंत भरूं नयेत. घरोघरच्या श्रद्धेची हळददेखील खोल जखमेंत दाबून भरणें बरें नाहीं, कारण कोणतीहि पूड आंतील घाण आंतच कोंडते. माशा बसूं देऊं नयेत. उष्ण व दमट दिवसांत माशीनें घातलेल्या अंड्यांच्या आळ्या दिवसभरांत होतात. कुत्र्याची लाळ जखमेवर असते, म्हणून धुणाऱ्यानें आपले हात साबणानें स्वच्छ धुवावे. हाताला चीर असून तिला लाळ लागली असेल तर कोंबडीबरोबर आपलीहि काळजी घेऊन डॉक्टरांकडे जावें.

नंतर तिची व्यवस्था लावावी. हवा खेळेल असें पुठ्ठ्याचें खोकें घ्यावें, तळाशीं मऊ जुनेर घालावें, वर सैल फडकें टाकून तें घरांतील शांत कोपऱ्यांत ठेवावें. इतर कोंबड्यांत सोडूं नये. रक्ताचा लाल रंग दिसला कीं कालच्या सोबतिणीच चोंचा मारूं लागतात. पण त्यांचा आवाज तिच्या कानावर पडेल इतक्या अंतरावर मात्र ठेवावी, कारण हा कळपाचा पक्षी आहे आणि एकटेपणीं तो खाण्यापिण्याकडे पाहत नाहीं. पक्ष्याचें अंग मुळांतच ४१ ते ४२ अंश सेल्सियस उष्ण असतें. धक्क्यानें तें निवूं लागतें, म्हणून थंडी-पावसांत खोक्याच्या एका बाजूला विजेच्या दिव्याची ऊब द्यावी. दुसरी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे नकोसें झाल्यास तिला सरकतां येईल. वैशाखांत परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हां मात्र ऊब नव्हे, सावली द्यावयाची. पक्ष्याला घाम येत नाहीं. चोंच उघडून तो धापा टाकूं लागला कीं उष्मा झाला असें समजावें.

पाणी चोंच उघडून ओतूं नये. श्वासनळीचें तोंड जिभेच्या लगेच मागें असतें, आणि प्रेमानें पाजलेलें पाणी फुप्फुसांत जातें. चोंचेच्या कडेला एक-एक थेंब लावावा. तो ती स्वतः गिळते. पाणी घेऊं लागल्यावर ज्वारीच्या भिजविलेल्या कण्या पुढें ठेवाव्या. ज्या जिल्ह्यांतील कृषि विद्यापीठानें ‘परभणी मोती’ नांवाची ज्वारी दिली, तेथें मूठभर कण्यांची उणीव कोणत्या घरीं असणार?

येथपर्यंतचें काम घरच्यांचें. यापुढें पशुवैद्य पाहिजे, आणि तो दुसऱ्या दिवशीं सकाळींच पाहिजे. कुत्र्या-मांजराच्या दांतांची जखम वरून टांचणीच्या टोंकाएवढी दिसते, पण आंत खोल गेलेली असते. त्यांच्या तोंडांत पाश्च्युरेला नांवाचे जंतु असतात आणि ते एक-दोन दिवसांत पक्ष्याच्या रक्तांत भिनूं शकतात. परभणीकरांना या बाबतींत दूर जावें लागत नाहीं. १९७२ सालीं मराठवाडा कृषि विद्यापीठ येथें स्थापन झालें आणि पशुवैद्यक महाविद्यालयहि त्याच सालचें. २००० सालीं नागपुरास पशु व मत्स्य विज्ञानाचें स्वतंत्र विद्यापीठ निघाल्यावर तें महाविद्यालय त्याच्या कक्षेंत गेलें. त्याच्या चिकित्सालयांत बैल, म्हशी, शेळ्या यांच्या सोबत खोकें हातीं धरून उभें राहतांना एखाद्या गृहस्थास संकोच वाटतो, कारण कोंबडीच्या किमतीहून रिक्षाचें भाडेंच अधिक झालेलें असतें. हा संकोच झटकला पाहिजे. वेदनेचें माप जनावराच्या किमतीवर ठरत नसतें.

पैशाची गोष्ट मात्र मोकळेपणानें बोलावी. ज्या घराला औषधपाण्याचा खर्च झेपत नाहीं, त्यानें तसें वैद्याला स्पष्ट सांगावें. उपचारहि नाहीं आणि सुटकाहि नाहीं, अशा स्थितींत जनावराला नुसतें ठेवून देणें हा सर्वांत वाईट मार्ग होय. गरिबीमुळें निर्णय लवकर करावा लागला तर त्यांत लाज नाहीं. लाज आहे ती निर्णयच न करण्यांत.

घरांतील माणसांच्या गोळ्या मात्र पक्ष्याला कदापि देऊं नयेत. या चुकीची किंमत काय असते तें भारतानें अनुभवलें आहे. १९९० नंतरच्या दशकांत देशांतील गिधाडें झपाट्यानें नाहींशीं होऊं लागलीं. २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनानें दाखवून दिलें कीं, डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक दिलेलीं गुरें मेल्यावर गिधाडें तीं खातात आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होतात. २००६ सालीं भारत सरकारनें जनावरांसाठीं त्या औषधास बंदी घातली, आणि गिधाडांस निर्धोक ठरलेलें मेलॉक्सिकॅम त्याच्या जागीं पुढें आलें. माणसाचें दुखणें शमविणारी वस्तु पक्ष्याचा जीव घेऊं शकते. म्हणून औषध आणि त्याचें प्रमाण हीं वैद्यानेंच ठरवावीं. औषध चालूं असतांना व त्यानंतर वैद्य सांगेल तितके दिवस त्या कोंबडीचीं अंडीं किंवा मांसहि खाऊं नये.

मोडलेल्या हाडाविषयीं दोन शब्द. पक्ष्याचीं हाडें हलकीं व पातळ असतात. खांद्याजवळचें हाड तर पोकळ असून श्वासाच्या हवेच्या पिशव्यांशीं जोडलेलें असतें. मोडलेला पंख नैसर्गिक घडीप्रमाणें मिटवून वैद्य त्यावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पट्टी बांधतो, आणि साधा मोड सुमारें तीन आठवड्यांत सांधतो. पंख थोडा वांकडा राहिला तरी या पक्ष्याचें फारसें अडत नाहीं. झाडावर झोंपण्याची त्याची संवय सोडवून रात्रीं त्याला खुराड्यांत कोंडलें म्हणजे झालें. पायाची गोष्ट वेगळी. गिनी कोंबडीचा सारा दिवस जमिनीवर धांवण्यांत जातो. खालच्या पायाचा साधा, कातडी न फाटलेला मोड कांबीनें बरा होतो. पण हाड बाहेर येऊन सुकलें, पाऊल थंड पडलें, बोटांना चिमटा काढला तरी तीं हालत नाहींत, असें झालें कीं आशा थोडी. एका पायावर सारा भार सतत पडला कीं त्या पायाचा तळवाहि सुजतो, त्याला गळूं होतें, आणि मग चांगला पायहि हातचा जातो.

आतां पुन्हां त्या घराकडे वळावें. वैद्यानें पंख बांधला, मांडीची जखम धुतली, पांच दिवसांचें औषध दिलें आणि सांगितलें, “पंखाची काळजी नाहीं. पायाकडे लक्ष ठेवा.” आजीला समाधान वाटलें, मुलानेंहि काल केलेल्या घाईबद्दल मनांतल्या मनांत कान धरला. नातवाला वैद्यानें एक काम दिलें. एका वहींत रोज चार प्रश्नांचीं उत्तरें लिहावयाचीं: तिनें आपण होऊन खाल्लें का? ती उभी राहिली का? तिनें आपलीं पिसें चोंचीनें विंचरलीं का? बाहेर कळप ओरडला तेव्हां तिनें मान उचलली का? होकाराला एक गुण, दिवसाचे चार.

ही वही दिसावयास पोरखेळ असली तरी सगळ्या विषयाचा गाभा तिच्यांत आहे. पक्ष्याला बोलतां येत नाहीं. परंतु खाणें, उभें राहणें, अंग नीटनेटकें ठेवणें आणि आपल्या जातीच्या हांकेला प्रतिसाद देणें, हीच त्याच्या जगण्याची भाषा आहे. या चार गोष्टी जोंवर चालूं आहेत तोंवर तो आपलें आयुष्य जगतो आहे, मग तो लंगडा असो वा थोटा. त्या एकामागून एक बंद पडूं लागल्या कीं तो जगत नसतो. नुसता मरावयाचा राहिलेला असतो. म्हणून उपचाराच्या आरंभींच दोन गोष्टी ठरवून ठेवाव्या: कोणतीं लक्षणें पाहावयाचीं, आणि किती दिवस पाहावयाचीं. मुदत आधीं ठरविली नाहीं तर आशा रोज एक दिवस उसना मागते, आणि तो दिवस भोगावा लागतो पक्ष्याला.

पहिले चार दिवस वहींत रोज तीन गुण पडले. पांचव्या दिवशीं दोन झाले, सातव्या दिवशीं एक. आठव्या दिवशीं पट्टी बदलतां बदलतां सून म्हणाली, “परवापर्यंत ही माझ्या हाताला चोंच मारत होती. आतां मारत नाहीं.” तिच्या म्हणण्याचा अर्थ कोणींच विचारला नाहीं, कारण तो सर्वांना कळला होता. पाऊल थंड झालें होतें, जखमेला वास येत होता. वैद्यानें पुन्हां तपासून सांगितलें कीं, पू हाडापर्यंत गेला आहे. पाय वांचत नाहीं आणि त्याचें विष अंगांत पसरतें आहे. आणखी आठवडाभर ती राहील, पण बरी होणार नाहीं.

येथें जुना वाद पुन्हां उभा राहतो, आणि तो केवळ त्या घरांतला वाद नव्हे. महाराष्ट्रांत दुबळ्या जिवाला आश्रय देण्याची परंपरा मोठी आहे. पारध्यांपासून पळालेल्या सशाला श्रीचक्रधरांनीं आपल्यापाशीं आश्रय दिला, ही लीळा महानुभाव पंथांत आदरानें सांगितली जाते; काशीहून आणलेलें गंगेचें पाणी तान्हेल्या गाढवाला पाजणारे पैठणचे एकनाथ तर घरोघरीं ठाऊक आहेत. मुंबईंत १८३२ सालीं भटकीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाजानें दंगा केला, आणि त्यानंतर दोन वर्षांनीं तेथें पांजरपोळ उघडलें. १८८३ सालीं परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवानें जनावरांचें रुग्णालय स्थापन झालें. त्याच्याच आवारांत १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. पांजरपोळानें आश्रय दिला, आणि रुग्णालयानें त्या आश्रयाला विद्येची जोड दिली. आश्रयाची जागा विद्येनें घेतली असें नव्हे. परंतु जेथें विद्येचा हात टेंकतो तेथें केवळ आश्रय पुरतो का, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

तो प्रश्न १९२८ सालीं साऱ्या देशापुढें आला. साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असाध्य दुखापतीनें तळमळत होतें. त्याला कूसहि बदलतां येईना. पशुवैद्यानें आशा सोडली. गांधीजींनीं आश्रमवासीयांशीं विचारविनिमय केला. कांहींनीं स्पष्ट विरोध केला. अखेर त्यांनीं डॉक्टराकडून विषाची सुई टोंचवून वासराला त्या यातनांतून सोडविलें, आणि सप्टेंबरच्या अखेरीस आपल्या ‘नवजीवन’ पत्रांत त्याविषयीं उघडपणें लिहिलें. देशभर खळबळ झाली, संतापाचीं पत्रें आलीं. अहिंसेच्या पुजाऱ्यानें गोवत्साचा जीव घ्यावा हें अनेकांना सहन झालें नाहीं. गांधीजींच्या म्हणण्याचा आशय असा होता कीं, शस्त्रवैद्य रोग्याला बरें करण्यासाठीं सुरी चालवितो ती जशी हिंसा नव्हे, तसेंच जेथें दुसरा कोणताच उपाय उरला नाहीं आणि मारणाऱ्याचा कोणताहि स्वार्थ नाहीं, तेथें यातनेचा अंत करणें हीहि हिंसा नव्हे. त्याच वेळीं शेतीची नासधूस करणाऱ्या माकडांचा प्रश्न त्यांच्यापुढें होता. माकडांना मारणें कदाचित् टळणार नाहीं, परंतु ती हिंसाच ठरेल, कारण तीं मारावयाचीं तीं स्वतःच्या लाभासाठीं, असा भेद त्यांनीं केला.

हा भेद लक्षांत घेण्यासारखा आहे, आणि परभणी जिल्ह्याला त्याचा अनुभवहि आहे. २०२१ च्या जानेवारींत या जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं शेंकडों कोंबड्या अचानक मेल्या. बर्ड फ्लूचा रोग ठरला, आणि गांवाच्या एक किलोमीटर परिघांतील कोंबड्या सरकारी आज्ञेनें नष्ट कराव्या लागल्या. त्यांतील अनेक दिसावयास निरोगी होत्या. तो निर्णय इतर पक्ष्यांच्या आणि माणसांच्या रक्षणासाठीं होता. त्याला गरज म्हणावें, दया म्हणूं नये. म्हणून हेंहि येथें सांगितलें पाहिजे कीं, अंगणांतील पक्षी जखमेशिवाय एकाएकीं मरूं लागले तर त्यांना घरीं औषध करीत बसूं नये. हात न लावतां पशुसंवर्धन खात्याला तत्काळ कळवावें. जखमी कोंबडीच्या बाबतींत मात्र गांवाच्या रक्षणाची सबब नसते. तेथें विचार एकटीचा, आणि तिच्याच हिताचा.

कायद्याची दृष्टीहि याहून वेगळी नाहीं. १९६० सालचा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांचें फळ होय. त्यांत प्राणी म्हणजे मनुष्येतर कोणताहि जिवंत जीव. अर्थात् गिनी कोंबडीहि त्यांत आली. जनावर ज्याच्या ताब्यांत आहे त्यानें त्याचें क्षेम पाहावें आणि त्याला विनाकारण यातना होऊं देऊं नयेत, असें कर्तव्य त्या कायद्यानें घातलें आहे. जिवंत ठेवणें हेंच जेथें क्रौर्य ठरेल तेथें प्राण्याचा अंत करण्याची तरतूदहि त्यांत आहे. न मारणें एवढ्यानेंच कर्तव्य संपत नाहीं, असा याचा अर्थ.

राहिला प्रश्न रीतीचा. हें काम शक्यतों पशुवैद्याकडून करवावें. भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा दिली कीं शुद्ध जाते आणि मागोमाग श्वास थांबतो. वैद्य मिळण्यासारखाच नसेल तर ज्या हाताला ती कला अवगत आहे त्यानेंच एका झटक्यांत मान निखळवावी. नवख्यानें प्रयोग करूं नये. पाण्यांत बुडविणें, पोत्यांत कोंडणें, किंवा ‘आपल्या हातानें नको’ म्हणून माळावर नेऊन टाकणें, हे मार्ग मारणाऱ्याचें मन वांचवितात आणि मरणाऱ्याचें दुःख वाढवितात. औषधानें मेलेला पक्षी उघड्यावर टाकूं नये. त्याचें मांस खाणारें कुत्रें किंवा घार त्याच विषानें मरते. दोन हात खोल खड्डा खणून, वर दगड ठेवून त्याला पुरावें.

त्या घरीं आठव्या दिवशींच्या संध्याकाळीं बराच वेळ कोणी बोललें नाहीं. आतां घाई करणारा मुलगाच कचरत होता. आठ दिवस हातानें कण्या चारल्यावर पहिल्या रात्रींचें धैर्य त्याच्यापाशीं उरलें नव्हतें. तो म्हणाला, “आणखी दोन दिवस पाहूं या.” आजीनें वही मागून घेतली. शेवटच्या पानावर खाणें, उभें राहणें, पिसें विंचरणें यांच्यापुढें तीन फुल्या होत्या आणि मान उचलण्यापुढें एक होकार. तो होकारहि नातवानें खोडून पुन्हां लिहिलेला होता. तिनें वही मिटली आणि म्हणाली, “पाप असेल तर माझ्या वाट्याला येऊं दे. पण तिला आणखी एक रात्र अशी काढायला लावूं नका. डॉक्टरसाहेबांना आतांच विचारून पाहा.”

आजीनें आपली श्रद्धा सोडली असें कोणी समजूं नये. जीव घेणें ही हलकी गोष्ट नव्हे, हें ती अजूनहि मानते, आणि तें मानणाऱ्या माणसानेंच हा निर्णय करावा हें योग्य. ज्याला मारणें सोपें वाटतें त्याच्या हातीं तो देऊं नये. ज्याला तें अशक्य वाटतें त्याच्याहि हातीं देऊं नये. पहिल्या रात्रीं मुलाचा निर्णय चुकीचा होता आणि आजीचा हट्ट बरोबर. आठव्या संध्याकाळीं मुलाची माया चुकीची होती आणि आजीचा निर्णय बरोबर. मधल्या आठ दिवसांत पालटली ती दया नव्हे; पालटली ती कोंबडीची स्थिति, आणि ती पाहण्यासाठीं घरच्यांनीं आपले डोळे उघडे ठेवले होते.

नातवाला त्या वेळीं बाहेर पाठवूं नये, खोटेंहि सांगूं नये. ‘ती रानांत उडून गेली’ असें सांगितलेलें मूल पुढें वर्षभर रानाकडे पाहत राहतें. त्याला जवळ बसूं द्यावें कीं न द्यावें हें त्याच्यावर सोंपवावें, आणि त्याच्या वहीमुळेंच तिचा आणखी छळ टळला हें त्याला सांगावें. तें खरेंच आहे.

पुढच्या रविवारीं मुलानें कुंपणाची फट बुजविली, खालून दगड लावले, आणि उरलेल्या कोंबड्यांसाठीं जाळीचें पक्कें खुराडें केलें. हें काम आठ-दहा दिवस आधीं झालें असतें तर वरील प्रसंगच उद्भवला नसता. जखमी जिवावर उपचार करणें ही दया खरी, आणि वेळ आल्यास त्याची सुटका करणें हीहि दया खरी. परंतु जो जीव पाळला त्याच्याभोंवतीं कुंपण नीट ठेवणें ही त्या दोहोंच्याहि आधींची दया होय, आणि तिला ना धैर्य लागतें ना शास्त्रार्थ. तिन्हीसांजेला खुराड्याचें दार लावावयास दोन मिनिटें पुरतात.